पँगाँग की त्सो मोरीरी? आधी रात्री कुठे झोपणार ते ठरवा

तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. ठाण्याहून तुम्ही पाच जण निघणार, आई ६३, बाबा ६७ आणि त्यांना बीपीची गोळी चालू, मुलगी ७ वर्षांची. जूनमध्ये पाच रात्री सहा दिवस. मुंबईहून विमानाने लेह, दुसऱ्याच दिवशी पँगाँगला मुक्काम, मग त्सो मोरीरीला एक रात्र, परत लेह आणि घरी. विचारलंय असं की दोन्हीपैकी एकच करायचं झालं तर कुठलं तळं जास्त भारी, आणि डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घेतली की आईबाबांना झेपेल ना, कारण बाबा दर रविवारी येऊरला चालायला जातात, फिट आहेत.

मी वीसेक वर्षं पुण्याहून हिमालयात ग्रुप घेऊन जातोय, लडाख, स्पिती, सिक्कीम, काश्मीर सगळीकडे, आणि त्यातले निम्मे लोक साठीच्या आसपासचे असतात. डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधांबद्दल जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांकडून पक्कं करूनच घ्या. पण हा प्लॅन मी माझ्या आईवडिलांसाठी केला नसता हे आधीच सांगतो, आणि का ते जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं "नका जाऊ" म्हणून उपयोग नाही, जायला तर हवंच, ती तळी बघायलाच हवीत अशी आहेत.

खरा प्रश्न कुठलं तळं सुंदर हा नाहीचे. दोन्ही सुंदर आहेत. तळ्याची उंची किती हाही प्रश्न निम्माच आहे. मी प्लॅन बघताना दोनच गोष्टी बघतो, एक म्हणजे प्रत्येक रात्री माणूस झोपणार किती उंचीवर, आणि दुसरी म्हणजे रात्री दोन वाजता कोणाचं बिघडलं तर तिथून खाली जायचा रस्ता कसा आहे. ही दुसरी गोष्ट तळ्यांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे आणि ती कोणीच विचारत नाही, तिच्यावर पुढे येतो.

आधी झोपेचं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तो मुंबईतही तेवढाच आणि पँगाँगलाही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. लेह साधारण ३,५०० मीटरवर, तिथे समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास दाब असतो, पँगाँग ४,२२५ मीटर म्हणजे ६० टक्क्यांच्या जवळ, आणि चांग ला किंवा खारदुंग ला या ५,३५० मीटरच्या वरच्या खिंडींमध्ये जेमतेम अर्धा. म्हणजे एका श्वासात जेवढा ऑक्सिजन ठाण्यात मिळतो त्याच्या अर्ध्यावर काम भागवायचं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, लेहच्या निम्मंसुद्धा नाही, त्यामुळे सह्याद्रीत कितीही गड चढलेले असोत, विरळ हवेचा सराव आपल्याला कुणालाच नसतो. येऊरच्या चालण्याने बाबांचे पाय आणि दम चांगले असतील, ते उपयोगी आहेच, पण उंची लागण्यापासून ते वाचवत नाही.

शरीर यावर पहिला उपाय करतं तो जोरात आणि खोल श्वास घ्यायचा. त्याने ऑक्सिजन वाढतो पण त्याचबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो, रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं, आणि मग मेंदू उलटा ब्रेक लावतो की बास, कमी श्वास घे. जागेपणी हे फारसं जाणवत नाही. झोपेत मात्र तो ब्रेक जोरात लागतो, श्वास मंद होतो, मध्येच काही सेकंद थांबतो, मग माणूस दचकून मोठा श्वास घेऊन उठतो. लेहला पहिल्या रात्री हे बऱ्याच जणांना होतं आणि घाबरायला होतं. त्यामुळे दिवसभर ठीक असलेल्या माणसाचा ऑक्सिजन रात्रीत घसरतो आणि सकाळी डोकं फुटायला लागतं. या ब्रेकवरचा इलाज मूत्रपिंडं करतात, रक्तातला जादा बायकार्बोनेट लघवीवाटे काढून टाकतात, आणि त्याला दोनतीन दिवस लागतात. लेहला पहिल्या दोन दिवसांत सारखी लघवी होते ना, ती चांगली खूण आहे. रक्तातल्या लाल पेशी वाढणं वगैरे नंतरचं, त्याला आठवडे लागतात, आपल्या ट्रिपमध्ये त्याचा काही संबंध नाही.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण, यातूनच बाकी सगळे नियम निघतात. लेहला दोन रात्री का, तर मूत्रपिंडांना वेळ द्यायला. दिवसा खिंड ओलांडून खाली झोपलं तर चालतं पण उलटं का नाही, तर त्रास झोपेच्या उंचीवर ठरतो. आणि डायमॉक्स काय करते, तर मूत्रपिंडांचं हेच काम लवकर करून घेते. ती काही वेदनाशामक नाही, लक्षणं झाकत नाही, त्यामुळे मी तिच्या विरोधात अजिबात नाही. पण ती दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात नाही करत. तुमच्या प्लॅनमध्ये सकाळी समुद्रकिनाऱ्यावर असलेला माणूस दुसऱ्या रात्री ४,२२५ मीटरवर झोपतोय. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. विमानाने लेहला उतरलात तिथेच तो मोडलेला असतो, म्हणून तर लेहला थांबून भरपाई करायची. त्यावर लगेच पँगाँग म्हणजे कर्जावर कर्ज.

गोळीबद्दल अजून थोडं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, निघायच्या आदल्या दिवशी सुरू करून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर तेही सांगा, कारण डायमॉक्सचंही तेच काम आहे. मुलीचा डोस वजनावर ठरतो, तिला आपल्या मनाने अर्धी गोळी वगैरे देऊ नका. बोटांना मुंग्या येतात, सोडा प्यायलात तर चव विचित्र लागते, ते नॉर्मल आहे. आणि पहिल्यांदा गोळी घ्यायची ती लेहमध्ये नको, ठाण्यातच एक दिवस घेऊन बघा.

बीपीचं म्हणाल तर उंचीवर पहिले काही दिवस ते थोडं वाढतं, कंट्रोलमध्ये असलेल्या माणसाला बहुतेक वेळा चालतं, पण घरी गेले दोन महिने रीडिंग कसं होतं ते माहीत हवं. वय हा एकटा मुद्दा माझ्या अनुभवात फार मोठा नाही. खरं तर साठीचे लोक हळू चालतात, सांगितलेलं ऐकतात, संध्याकाळी गपचूप झोपतात. मला त्रास झालेत ते तरण्याताठ्यांमुळे. हृदयाचा, फुप्फुसांचा जुना आजार असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे कार्डिओलॉजिस्ट किंवा छातीच्या डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय मी बुकिंगच घेत नाही.

आता तळ्यांचं. २०११ मध्ये मी स्वतः केलेली चूक सांगतो. तेव्हा ग्रुपला वेळ कमी होता म्हणून लेहच्या दोन रात्रींनंतर थेट त्सो मोरीरी ठेवलं. तळ्याकाठी कोरझोक गाव आहे, साधारण ४,५०० मीटरच्या वर, म्हणजे एका दिवसात झोपायची उंची हजार मीटरने वाढवली. ग्रुपमध्ये २९ वर्षांचा मुलगा होता, मॅरेथॉन पळणारा, त्याला दुपारपासून डोकं दुखत होतं आणि त्याने ते कोणाला सांगितलं नाही, बाकीच्यांची ट्रिप बिघडेल म्हणून. रात्री एकच्या सुमाराला त्याच्या रूममेटने मला उठवलं. बसून होता, आडवं होता येत नव्हतं, कोरडा खोकला, नुसतं बसल्या जागी दम लागत होता. फुप्फुसांत पाणी व्हायला सुरुवात झाली होती, त्याला हेप म्हणतात, आणि त्यावर खरा इलाज एकच, ताबडतोब खाली.

आणि खाली म्हणजे कुठे? हे मला तेव्हा त्या अंधारात नीट कळलं. त्सो मोरीरी ही एक मोठी परात आहे असं समजा. पाणी आत येतं पण बाहेर जात नाही, चहूबाजूंनी डोंगर. कोरझोकहून लेहकडे निघालं की रस्ता आधी वर चढतो, कियागर त्सो नावाच्या छोट्या तळ्याजवळची खिंड पार करतो, मग पुगाच्या बाजूने माहे पुलापाशी सिंधूवर उतरतो, आणि तिथून चुमाथांग, जिथे गरम पाण्याचे झरे आहेत, तेही ४,००० मीटरच्या आसपासच. म्हणजे मरणाच्या दारात असलेल्या माणसाला वाचवायला आधी आणखी वर न्यायचं. आमच्याकडे गाडीत ऑक्सिजनचं मोठं सिलेंडर होतं, ड्रायव्हर तिथलाच होता आणि रस्ता त्याच्या पायाखालचा होता, म्हणून निभावलं. चुमाथांगलाही तो बरा नव्हता, सकाळी लेहच्या हॉस्पिटलमध्ये पोचलो, चार दिवस ठेवलं, बरा झाला. पण त्या रात्रीचे सात तास मी विसरलो नाही, आणि ती चूक माझ्या वेळापत्रकाची होती, त्या मुलाची नाही. त्यानंतर मी कुठल्याही तळ्याला "खाली जायचा रस्ता कुठून" हे विचारल्याशिवाय मुक्काम ठेवलेला नाही.

याच नजरेने बाकीची तळी बघा, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल. सिक्कीममधलं गुरुडोंगमार जवळपास ५,२०० मीटरवर आहे, पँगाँगपेक्षा हजार मीटर जास्त उंच, आकडा ऐकूनच लोक घाबरतात. पण तिथे कोणी झोपत नाही. लाचेनहून, २,७५० मीटरवरून, पहाटे चारला निघतात, थांगूला थोडं थांबतात, तळ्यावर अर्धा तास, आणि दुपारचा वारा सुटायच्या आत परत. उंची लागायला साधारण सहा ते बारा तास लागतात, तोवर तुम्ही परत लाचेनला जेवायला बसलेले असता, आणि रस्ता सरळ खाली उतरतो, मध्ये कुठली खिंड नाही. मी तिथे साठीपुढच्या कितीतरी काकूंना नेऊन आणलंय. याचा अर्थ ते सोपं आहे असं नाही, हृदयाचा त्रास असणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांतच होऊ शकतो, आणि लहान मुलांना नेऊ नका असं तिथेही सांगतातच. पण कोरझोकच्या एका रात्रीपेक्षा गुरुडोंगमारचा अर्धा तास मला कमी धोक्याचा वाटतो.

उलट उदाहरण चंद्रतालचं. उंची साधारण ४,२५० मीटर, पँगाँगएवढीच. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लोक मनालीहून, २,०५० मीटरवरून, सकाळी निघून संध्याकाळी चंद्रतालच्या कँपमध्ये, एका दिवसात २,२०० मीटर. कँप तळ्यापासून थोडे लांब असतात, तळ्याकाठी तंबू लावू देत नाहीत, ते योग्यच आहे, पण उंचीत काही फरक पडत नाही. रात्री कँपमध्ये फिरलात तर निम्म्या तंबूंतून ओकाऱ्यांचे आवाज येतात, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितोय. तेच चंद्रताल शिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा असं आठवडाभर हळूहळू चढत कुंझुम खिंडीवरून गेलात तर आजी-आजोबांनाही आरामात होतं. तळं तेच, उंची तीच, फक्त आधीच्या रात्री वेगळ्या.

नेपाळातलं गोसाईकुंड तर याचं सगळ्यात ठळक उदाहरण. ४,३८० मीटरवर, जनै पूर्णिमेला म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेला हजारो भाविक धुंचेकडून, २,००० मीटरच्या आसपासून, एकदोन दिवसांत चढून जातात. डोंगरात वाढलेली काटक माणसं असतात, तरी तिथे डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा अर्ध्याहून जास्त यात्रेकरूंना उंचीचा त्रास झालेला आढळला, काहींना तर मेंदूला सूज येऊन सरळ चालता येत नव्हतं. श्रद्धा आणि फिटनेस दोन्ही भरपूर, कमी पडला तो वेळ.

आता पँगाँग. हे पण आज बंद परातच आहे, पण एके काळी नव्हतं. त्याचं पाणी पूर्वी टांगत्से गावाच्या बाजूने श्योक नदीला मिळायचं, मग नैसर्गिक बांध पडून वाट बंद झाली, पाणी अडकलं, बाष्पीभवन होत राहिलं आणि मीठ मागे राहत गेलं, म्हणून आज ते मचूळ आहे. १३४ किलोमीटर लांब, त्यातला साधारण एक तृतीयांश भाग आपल्याकडे. मचूळ असूनही हिवाळ्यात पूर्ण गोठतं. हे भूगोल म्हणून सांगत नाहीये, तुमच्या कामाचं आहे, कारण ती जुनी पाण्याची वाट म्हणजेच आजचा लुकुंगहून मुगलिब, टांगत्सेकडे उतरणारा रस्ता. कोणाला रात्री बरं वाटेनासं झालं तर पँगाँगहून टांगत्सेला तासाभरात, ३,९५० मीटरच्या आसपास, कुठलीही खिंड न चढता उतरता येतं, तिथे सरकारी दवाखाना आहे, आणि अजून खाली हवं असेल तर दुरबुकवरून श्योकच्या काठाने नुब्रा खोऱ्याच्या ३,१०० मीटरपर्यंत. लेहकडे जायचं तर मात्र मध्ये चांग ला आहे, आजारी माणसाला तिकडून न्यायचं तर ऑक्सिजन लावूनच. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आलं. आईबाबा आणि मुलगी बरोबर असताना, सहा दिवसांत, दोन्हीपैकी पँगाँग. ते जास्त सुंदर आहे म्हणून नाही, तिथून उतरता येतं म्हणून.

आत्तापर्यंतचं दोन ओळींत: झोपायची उंची हळू वाढवायची, दिवसा वर गेलात तरी चालेल, आणि मुक्कामाच्या जागेहून खाली जायची वाट आधीच ठरलेली हवी. आता त्यात तुमचे सहा दिवस बसवून बघू.

मी असतो तर असं केलं असतं. पहिला दिवस लेहला उतरून सरळ हॉटेलच्या खोलीत, आणि खरंच खोलीत, "जरा मार्केट बघून येऊ" नको. मुलं पहिल्या दिवशी नाचतात आणि संध्याकाळी पडतात, तुमच्या मुलीला चित्रकलेची वही द्या. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर थिकसे मठ किंवा शांती स्तूप, स्तूपाला पायऱ्या न चढता गाडीने वरपर्यंत जा. दोन रात्री लेह. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा, खिंडीत पाटीबरोबर फोटो काढून दहापंधरा मिनिटांत निघायचं, तिथे मॅगी खात तासभर बसू नका, आणि रात्री हुंदरला ३,१०० मीटरवर म्हणजे लेहपेक्षाही खाली झोपायचं. ती रात्र सगळ्यांना लेहपेक्षा गाढ लागते, हे मी दरवेळी बघतो. चौथ्या दिवशी श्योकच्या काठाने दुरबुक, आणि मुक्काम टांगत्सेला. तळ्याकाठी स्पांगमिकला नाही, टांगत्सेला. इथे लोक माझ्याशी भांडतात, की तळ्यासमोर तंबूत नाही झोपलो तर काय गेलो. मला ते कळतं. पण ३,१०० वरून ३,९५० म्हणजेच मोठी उडी आहे, नियमात बसवायचं तर तीही बसत नाही, लेहच्या दोन रात्री आधी झाल्यात म्हणून ती चालते. त्यावर आणखी पावणेतीनशे मीटर कशाला.

आणि टांगत्सेला राहून तुम्ही काही गमावत नाही. पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला निघा. मध्ये पागल नाला लागतो, बर्फ वितळलं की दुपारनंतर त्याला पाणी चढतं आणि गाड्या अडकतात, पहाटे तो शहाणा असतो. तळ्यावर पोचाल तेव्हा वारा नसतो, पाणी अगदी स्थिर, डोंगरांचं प्रतिबिंब जसंच्या तसं, आणि मग सूर्य वर येतो तसा रंग बदलत जातो, आधी शाई, मग मोरपंखी, मग काठाला जवळजवळ पांढरट हिरवा. पाण्यात गाळ आणि शेवाळ फार कमी, पाणी लाल रंग शोषून घेतं आणि निळा परत पाठवतं, खोली जशी बदलते तसा निळाही बदलतो. तासदोन तास शांतपणे काठाला बसा, दुपारी तिथे गर्दी आणि रंगीत स्कूटरवर फोटो काढणाऱ्यांची रांग असते ती तुम्हाला लागणारच नाही. मग नाल्याला पाणी चढायच्या आत परत आणि चांग ला करून लेह. पाचवी रात्र लेह, सहाव्या दिवशी विमान.

त्सो मोरीरी सोडताना वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतंय, कारण माझ्यासाठी ते जास्त जवळचं तळं आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात तुम्ही डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब बघितले असतील, त्या जातीचे पक्षी उन्हाळ्यात त्सो मोरीरीसारख्या तळ्यांवर पिल्लं काढतात, काळ्या मानेचे क्रौंच पण तिथे दिसतात, २००२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. हिमालय ओलांडताना हे पट्टकादंब सात हजार मीटरच्याही वर उडताना नोंदले गेलेत, त्यांच्या रक्ताची आणि फुप्फुसांची रचनाच तशी आहे. आपली नाही, आपल्याला दिवस द्यावे लागतात. पुढे कधी नऊदहा दिवस काढता आले तर नुब्रा आणि पँगाँग झाल्यावर, शेवटी शेवटी त्सो मोरीरी ठेवा, परतताना पुगा आणि त्सो कार तळं पण होईल. तेव्हा कोरझोकला झोपायला माझी हरकत नसेल. आणि तेवढे दिवस असतील तर विमानाने लेह नकोच, श्रीनगरहून रस्त्याने या, कारगिलला २,७०० मीटरवर एक रात्र, मग लेह. मनालीच्या रस्त्याने यायचं झालंच तर जिस्पाला राहा, सरचूला ४,२९० मीटरवर पहिल्याच रात्री झोपू नका, तिथेही चंद्रतालसारखंच होतं.

आता लक्षणं कशी ओळखायची. उंचीचा त्रास मोजायची जगभर वापरतात ती पद्धत पण एका तळ्याच्या नावाची आहे, कॅनडातलं लेक लुईझ, तिथे १९९१ च्या परिषदेत ती ठरली. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, डोकेदुखी असून बेरीज तीन किंवा जास्त झाली की एएमएस, म्हणजे उंचीचा त्रास, धरायचा. मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला हे चार प्रश्न विचारतो, कंटाळतात लोक, पण २०११ नंतर मी ते एकदाही सोडलेलं नाही. मुलीला तुम्ही वेगळं विचारा, ती आवडीचा खाऊ पण नको म्हणायला लागली, खेळायची थांबली, चिडचिड करायला लागली तर तेच तिचं डोकं दुखणं समजा. त्रास असेल तर त्या उंचीवरून वर जायचं नाही, एवढं पाळलंत तरी नव्वद टक्के काम झालं. दोन गोष्टी झाल्या तर मात्र विचार करत बसायचं नाही, लगेच खाली, रात्र असली तरी. एक, बसल्या जागी दम लागणं किंवा खोकला वाढत जाणं. दुसरी, माणूस दारू प्यायल्यासारखा चालायला लागणं. जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला पंजा लावून चालायला सांगा, तोल गेला तर मेंदूला सूज असू शकते. हे दोन्ही झोपून बरं होत नाही.

कोविडमध्ये घेतलेलं ऑक्सिमीटर सगळेच आणतात, आणा, पण त्याच्या आकड्याला घाबरू नका. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० सर्रास दिसतं, पँगाँगला त्याहून कमी, ठाण्यात तोच आकडा आला असता तर तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली असती. गार बोटांवर तर ते काहीही दाखवतं, आधी हात चोळून गरम करा. आकडा ८२ आहे आणि बाबा गप्पा मारत पोहे खातायत तर ठीक आहे, आकडा ८९ आहे पण त्यांना बूट घालता येईना, बोलणं तुटक होतंय, तर ठीक नाही. माणसाकडे बघा.

कापराची डबी, त्याबद्दल आई नक्की विचारतील. आमच्या प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी पुरचुंडी करून आणतंच. हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, वाटू दे, पण त्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही आणि कापूर आहे म्हणून उंची वाढवायची नाही. हातात धरायचे ते ऑक्सिजनचे कॅन पण काही मिनिटांपुरते असतात. त्यापेक्षा गाडीवाल्याला आधीच सांगून गाडीत मोठं सिलेंडर, मास्क आणि ते उघडायची किल्ली आहे ना ते लेहमध्येच स्वतः तपासा, किल्ली नसते बऱ्याचदा. पाणी भरपूर प्या, लघवी फिकट राहील इतपत, पण पाच-सहा लिटर ढोसून उंची टळत नाही. पहिल्या दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत, त्या झोपेतला श्वास अजून मंद करतात. आणि फोन पोस्टपेड न्या, बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, रात्री दोनला त्याची किंमत कळते.

माझं हे सगळं कशावर अवलंबून आहे ते पण सांगतो. तुमच्यापैकी कोणी आधी ३,००० मीटरच्या वर झोपलंय का आणि तेव्हा कसं वाटलं होतं, हे मला माहीत नाही, आणि पुढचा अंदाज बांधायला त्यासारखी माहिती दुसरी नाही. आधी त्रास झालेल्याला परत व्हायची शक्यता जास्त. त्यामुळे केदारनाथ, अमरनाथ, कुठेही कोणी गेलं असेल तर नीट आठवून विचारा. लेहच्या दुसऱ्या रात्रीनंतर आई किंवा बाबांपैकी कोणाचं डोकं दुखतच असेल तर नुब्रा एक दिवस पुढे ढकला आणि पँगाँग सोडून द्या, हे आत्ताच घरात बोलून ठेवा, तिथे गेल्यावर पैसे भरलेत म्हणून कोणाच्या तोंडून निघत नाही.

टांगत्सेला होमस्टे आणि छोटी गेस्टहाउसं आहेत, जूनसाठी आत्तापासून बघायला लागा, आणि बुक करताना गरम पाणी आणि खालच्या मजल्यावरची खोली मागा, आईबाबांना रात्री जिने चढायला लागू नयेत. बाबांच्या बीपीच्या गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवून डायमॉक्सचं काय म्हणाले ते इथेच लिहा, मग तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीचं अजून काही हलवायला हवं का ते बघू.